हाउटन

हाउटन : नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराच्या आग्नेयेस वसलेले, सुमारे ५०,००० वस्तीचे उपनगर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका लहान खेड्याचा नियोजनबद्ध विस्तार होऊन ते घडले. पर्यावरणपूरक सवयी उपदेशापेक्षा रस्त्यांच्या आखणीतून अधिक रुजतात, हे त्याच्या रचनेतून दिसते. येथे मोटारीला एका वस्तीतून दुसरीत जाण्यासाठी सहसा बाहेरच्या वळणरस्त्याचा फेरा पडतो. सायकलमार्ग मात्र शाळा, दुकाने आणि मध्यवर्ती रेल्वेस्थानक यांना थेट जोडतात. त्यामुळे जवळच्या कामासाठी सायकल हाच सोयीचा पर्याय ठरतो. २००८ आणि २०१८ मध्ये हाउटनला देशातील ‘सायकलनगरी’चा मान मिळाला.

आखणीतून सवयी रुजतात या म्हणण्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, अनेक कुटुंबांकडे मोटारी आहेतच. तो खरा आहे. परंतु या आखणीचा रोख मोटारीच्या मालकीवर नसून गावातल्या छोट्या फेऱ्यांवर आहे. दुसरा, मोकळ्या जमिनीवर साधले ते जुन्या शहरात साधणार नाही. मात्र नेदरलँड्समधीलच ख्रोनिंगेन शहराने १९७७ मध्येच आपल्या जुन्या मध्यभागाचे चार विभाग करून मोटारींची आरपार वाहतूक थांबवली. म्हणजे नव्या जमिनीपेक्षा अग्रक्रम बदलण्याची तयारी निर्णायक ठरते.