सही कोणाची, जबाबदारी कोणाची? विद्यापीठातल्या खरेदीची गोष्ट

मंडळी, आपण वेळापुरात बसलोय. इथून जवळच पंढरपूर. तिथला चौऱ्यांशीचा शिलालेख शके 1195 चा, म्हणजे इसवी सन 1273 च्या सुमाराचा. देवळाला कोणी काय दिलं, ते त्यात नावानिशी कोरलंय. पैसा सगळ्यांचा, तर नोंद सगळ्यांसमोर. विद्यापीठाच्या खरेदीकडेही आज याच नजरेनं बघू.

आपल्या जिल्ह्यातली कॉलेजं आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, एकाच जिल्ह्यासाठी. पण छोटं असलं तरी उत्तरपत्रिका, उपकरणं, संगणक विकत घ्यावेच लागतात. पैसा कुठला? काही शासनाचा, काही पोरांनी भरलेल्या परीक्षा शुल्काचा.

म्हणूनच विद्यापीठ कायद्यात खरेदी समिती आहे, वित्त व लेखा अधिकारी आहे. मागणी विभागानं करायची, मोठ्या खरेदीचा निर्णय समितीनं घ्यायचा, बिल लेखा विभागानं तपासायचं. मागणारा, निवडणारा आणि पैसे देणारा एकच माणूस नको, हे त्यामागचं साधं तत्त्व.

1 डिसेंबर 2016 ला राज्य शासनाची खरेदीची नियमपुस्तिका आली. तेव्हा 3 लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा लागायची. आता बघा, 5 लाखांचे संगणक हवेत. अडीच-अडीच लाखांच्या दोन ऑर्डरी काढल्या की निविदा टळली! म्हणून निविदा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडू नयेत, असाही नियम आहे. असे नियम वाचताना आधी कुठली पळवाट निघाली असेल, ते कळतं.

पण यात एक धोका आहे. सह्या वाढल्या की प्रत्येकाला वाटतं, पुढचा बघेल. खरी कसोटी शेवटच्या सहीची असते. माल आला, मोजला, चालवून पाहिला, डेडस्टॉक रजिस्टरला चढवला, असं लिहून देणाऱ्याची. हा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतला कनिष्ठ माणूस. मार्चअखेर आलेला असतो, अनुदान परत जाईल अशी धास्ती असते, आणि खोकं न उघडताच सही मागितली जाते. तिथं तो "आधी उघडून बघतो" म्हणाला, तर नियम जिवंत राहतो. नाही म्हणाला, तर वरच्या सगळ्या सह्या नुसती शाई.

शिलालेखातली नावं साडेसातशे वर्षं टिकली. आपलं नाव कागदावर टाकताना एवढंच विचारायचं: मी नेमकी कशाची खात्री देतोय?

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.