उलट वाहणारी वीज

मुळशी धरणाच्या काठावर उभे राहिले, की पाण्याखालची गावे आठवतात. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांची कंपनी वीजनिर्मितीसाठी धरण बांधत होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बाजूने उभे राहिले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच. पाणी बोगद्यातून घाटाखाली भिऱ्याला उतरले आणि १९२७ पासून तिथली वीज मुंबईकडे निघाली. जमीन मावळाची गेली, दिवे मुंबईत लागले.

त्या विजेला एकच दिशा होती. वीजघर, उपकेंद्र, डीपी, खांब, मीटर आणि शेवटी आपल्या घरातला दिवा. ही दिशा बदलली ती छपरावरच्या सौर पॅनेलांनी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले, २०१९ मध्ये ते नव्याने आले. दुपारी घरात न लागलेली वीज मीटरमधून मागे, गावाच्या तारेत जाऊ लागली. काल घेणारा होता, तो आज देणाराही झाला.

पण मित्रहो, या उलट्या वाटेवर एक धोका आहे. डीपी ११ हजार व्होल्टची वीज उतरवून आपल्याला देते. उलट बाजूने वीज आली, तर तीच डीपी ती ११ हजारांपर्यंत चढवू शकते. पावसाळ्यात तार तुटते, उपकेंद्रातून लाईन बंद होते, वायरमन खांबावर चढतो. अशा वेळी एखाद्या घराची पॅनेल्स किंवा बॅटरी तारेत वीज सोडत राहिली तर?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम नेमके इथे बोट ठेवतात. लाइट गेली, की सौर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत तारेला वीज देणे थांबवायचे. लाइट आल्यावरही किमान साठ सेकंद ती स्थिर असल्याशिवाय पुन्हा जोडायचे नाही. शिवाय हाताने बंद करता येणारा एक स्विच हवा. तो उघडा आहे हे डोळ्यांना दिसावे आणि त्याला त्या स्थितीत कुलूप लावता यावे. बॅटरीवर घर चालवायचे, तर आधी घर बाहेरच्या तारेपासून तोडायचे, मगच दिवा लावायचा.

‘लाइट गेली की पॅनेलही बंद, मग उपयोग काय?’ असे लोक वैतागून विचारतात. उपयोग खांबावरच्या माणसाला विचारावा.

शंभर वर्षांपूर्वी दिवा लावणाऱ्याला तारेच्या दुसऱ्या टोकाचे गाव दिसत नव्हते. आज त्या टोकाला एक माणूस असू शकतो, हे नियमच आपल्याला सांगतो. पॅनेल बसवून घेताना एवढे तरी विचारा : तो कुलपाचा स्विच कुठे आहे?