खाट, गोळी आणि शेजार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी आम्ही गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात असतो. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे आणि गूळ एवढीच धर्मग्रामाची खरेदी. सोबतीला दोन तरुण आणि भाड्याचा एक छोटा टेम्पो. गेली काही वर्षे हा नेम अखंड चालू आहे. गेल्या पावसाळ्यात नेहमीच्या दुकानदाराने बिल लिहिता लिहिता सहज विचारले, "फादर, दर महिन्याला एवढा शिधा कोणासाठी नेता?" आम्ही उत्तरलो, "गरजूंसाठी."

उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. आणि ते अपुरे ठेवण्यामागे आमची भीड होती, हे परतीच्या वाटेवर मनाला टोचत राहिले. तो शिधा एचआयव्हीसह जगणाऱ्या कुटुंबांसाठी होता. हा शब्द भर बाजारात उच्चारायला आम्ही कचरलो. ही भीड आमच्या एकट्याची नाही. तिला जवळजवळ चाळीस वर्षांचा इतिहास आहे. या व्याधीसाठी हात आखडता न घेणाऱ्या आपल्या समाजाने तिचे नाव मात्र फार क्वचित घेतले, आणि त्या न घेतलेल्या नावाची किंमत रुग्णांनी मोजली. तो इतिहास आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमच्या पिढीतील पुणेकर कॅथोलिकांना १९८६ हे साल आठवते ते पोप दुसरे जॉन पॉल यांच्या भेटीमुळे. फेब्रुवारीत ते पुण्यास आले, तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्याच वर्षी तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या संशोधनातून भारतात प्रथमच एचआयव्हीची बाधा उघडकीस आली. ही बातमी आमच्यापैकी किती जणांनी वाचली असेल, कोण जाणे! ख्रिस्तसभेने मात्र जगापुढे आपली दिशा तोवर दाखवायला सुरुवात केली होती. १९८५च्या नाताळच्या पूर्वसंध्येला मदर तेरेसा यांनी न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी घर उघडले होते. सप्टेंबर १९८७ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मिशन डोलोरेस चर्चमध्ये पोप महोदयांनी एका बाधित बालकाला सर्वांसमक्ष कवटाळले. ज्या काळी स्पर्शाचेच भय होते, त्या काळी ती मिठी हेच एक प्रवचन होते. आम्ही ते छायाचित्र पाहिले, हळहळलो आणि हा दूरदेशीचा रोग आहे असे म्हणून पान उलटले.

तो दूरदेशीचा नव्हता, हे दोनच वर्षांत गोव्याने दाखवून दिले. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा आपल्याच समाजातील तरुण. त्याने रक्तदान केले होते. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलिसांनी त्याला बोलावून घेतले आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली म्हापसा येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयाच्या इमारतीत पहाऱ्यात ठेवले. अपराध कोणता? त्याच्या रक्तात विषाणू सापडला होता. तो ६४ दिवस तेथे कोंडला गेला. त्याची आई ल्यूसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, परंतु अंतिम निकालात विलगीकरणाची ती तरतूद न्यायालयाने रद्द केली नाही.

डॉमिनिकचे नाव त्याला न विचारता गावभर झाले होते. तोंड लपवून कोठे तरी निघून जाणे त्याला शक्य होते. त्याने तसे केले नाही. १९९२ साली, आयुष्याच्या अगदी अखेरीस, त्याने इझाबेल दि सांता रिता वाझ यांच्यासमवेत 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभारली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत त्याचे निधन झाले. संस्थेचे काम मात्र पुढे चालू राहिले. गोव्यातील या सेवेच्या मुळाशी मोठी देणगी नव्हती. मला हा आजार आहे, असे उघडपणे सांगणारा एक माणूस होता.

पुण्यातही १९९२ हेच वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली आणि पुढे भोसरीत तिचे कार्य बहरले. त्या दिवसांत रात्री मार्केट यार्डात शिरणाऱ्या मालमोटारींकडे बोट दाखवून लोक म्हणत, की हा रोग रस्त्यावरचा, ट्रकचालकांचा, घरंदाज माणसाने त्याची चिंता का करावी? या समजुतीला पुण्याच्याच संशोधनाने उत्तर दिले. पुढे करोनाच्या साथीत दूरदर्शनमुळे घरोघरी परिचित झालेले डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांची तपासणी त्यात होती. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रयाशी कोणताही संबंध नसलेल्या होत्या. त्यांच्यातील १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची बाधा आढळली. दवाखान्यात आलेल्या रुग्णांपुरताच हा आकडा होता, सर्व गृहिणींचा नव्हे. तरीही त्याचा अर्थ स्पष्ट होता: पतीशी एकनिष्ठ राहिलेली पत्नी सुरक्षित आहे, असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. रोग उंबरठा ओलांडून आत आला होता.

त्या काळी औषध नव्हते असेच म्हणावे लागेल. जे होते ते सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून पहिली गरज होती ती खाटेची. मरणासन्न माणसाला पाठ टेकायला जागा आणि अनाथ लेकराला छप्पर हवे होते. पुण्यात 'प्रयास' संस्थेच्या डॉक्टरांनी उपचार आणि समुपदेशन यांची वाट घातली. विजयाताई लवाटे यांनी १९९७ साली 'मानव्य' स्थापन केली आणि भूगाव येथील 'गोकुळ'मध्ये बाधित मुलांना घर मिळाले. पाचगणीचे बेल-एअर रुग्णालय हे तर या इतिहासातील बोलके उदाहरण आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया या पारशी सद्गृहस्थाने १९१२ साली ते क्षयरोग्यांसाठी सुरू केले. क्षयाचे नावही तेव्हा घराघरांत कुजबुजतच घेतले जाई. पुढे ती वास्तू रेड क्रॉसकडे आली आणि १९९०च्या दशकात फादर टॉमी करियिलाकुलम यांच्यासारख्या धर्मगुरूंच्या हाती तिची धुरा आली. क्षयाची औषधे आल्यावर ओस पडत चाललेल्या खाटा एचआयव्हीच्या रुग्णांसाठी पुन्हा मांडल्या गेल्या. एका पिढीचा कलंक ओसरला, तेव्हा त्याच खाटेवर दुसऱ्या पिढीचा कलंक येऊन निजला!

इतरांचे गोडवे गाताना आमचा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. गुरुदीक्षेनंतर आमची पहिली नेमणूक झाली त्या धर्मग्रामात एक तरुण गृहस्थ वारले. कशाने, हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी बोलत नव्हते. शवपेटी बंदच ठेवण्यात आली. आम्ही अंत्यविधी केला, प्रवचनात "दीर्घ आजार" असे म्हटले आणि गरीब निधीतून काही रक्कम पाकिटात घालून एका स्वयंसेवकाहाती त्यांच्या घरी धाडली. पाकीट पोहोचले; आम्ही पोहोचलो नाही. त्यांची पत्नी चार घरी स्वयंपाक करीत असे. महिनाभरात तिची चारही कामे सुटली. वर्षाच्या आत ती लेकराला घेऊन गाव सोडून गेली. निधीच्या वहीत ती रक्कम "संकीर्ण साहाय्य" या सदराखाली लिहिलेली होती. तो शब्द आमच्याच हस्ताक्षरात आहे.

पुढे काळ पालटला तो गोळीने. एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांना जगात १० ते १५ हजार डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक शासकीय रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. २००५ साली भारतातील कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने एचआयव्हीविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि बाधितांना न नाकारण्याची जबाबदारी ख्रिस्तसभेच्या संस्थांवर टाकली. २०१७ पासून बाधा आढळताच प्रत्येकाला उपचार सुरू करण्याचे धोरण आले. आज नियमित गोळी घेणारा रुग्ण जवळजवळ सामान्य आयुष्य जगू शकतो. रक्तातील विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून बाधा होत नाही. वेळेवर उपचार घेणाऱ्या मातेचे बाळही बहुधा निरोगी जन्मते.

मग आपल्या निधीचे काम संपले काय? आम्हांलाही काही काळ तसे वाटले होते. पण गोळी फुकट मिळाली, तरी ती आणायला लागणारा दिवस फुकट नसतो. हमाली करणाऱ्याची वा धुणीभांडी करणारीची त्या दिवसाची मजुरी बुडते. गाडीभाडे लागते. उपाशीपोटी औषध सोसवत नाही. शिवाय बाहेरून येणारा पैसाही कायमचा नसतो: काही वर्षे शासकीय कार्यक्रमातून चाललेली सामुदायिक शुश्रूषा केंद्रे २०१३च्या सुमारास त्या आधाराला मुकली. २०२१च्या राष्ट्रीय अंदाजानुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे ३ लाख ९४ हजार लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतील बहुतेकांना खाट नको आहे. त्यांना काम, शाळा आणि शेजार हवा आहे.

आणि शेजार हीच सर्वांत महाग वस्तू आहे. लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली बाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केले. २००९ साली ही मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. पैसे मागितले असते, तर कदाचित त्याच पालकांनी दिलेही असते. बाकावरची जागा त्यांना देववली नाही. त्याच सेवालयातील मुले पुढे 'हॅपी म्युझिक शो' घेऊन गावोगावच्या रंगमंचांवर उभी राहिली आणि आपल्या गाण्यातून आपल्या घरासाठी निधी उभा करू लागली. त्यांची तिकिटे घेताना लोकांना शब्द टाळता आला नाही.

मार्केट यार्डात वावरताना आम्हांला आणखी एक आठवण होते. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. श्रमिकाला तेथे स्वस्तात पोटभर जेवण मिळते, पण ते तो विकत घेतो. कोणापुढे हात पसरीत नाही. अन्न देतानाही माणसाची मान ताठ ठेवता येते, हे त्या हमालांनी आपल्याला शिकविले. एकोणिसाव्या शतकात, १८३३ साली, पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी संत विन्सेंट डी पॉल सोसायटीचा पाया घातला, तेव्हा त्यांनीही घरभेटीला आपल्या कामाचे केंद्र मानले. मदत हे निमित्त. भेट हे काम. आमचे ते पाकीट या कसोटीला उतरत नाही.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्यानुसार एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी, शिक्षण वा उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. आणि बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीवाचून उघड करण्यासही मनाई आहे. म्हणून शिधा घेणाऱ्यांची यादी फलकावर लागता कामा नये, त्यांची रांग चर्चच्या अंगणात उभी राहता कामा नये. नाव झाकावे ते माणसाचे. आजाराचे नाव झाकण्याचे काही कारण नाही. आपण नेमके उलटे केले: आजार झाकला आणि माणसाला कुजबुजीत उघडे पाडले.

शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची कथा आपण सारे जाणतो. त्याने जखमांवर तेल घातले, उतारशाळेत जागा मिळवून दिली, खर्चाचे पैसे दिले आणि पुन्हा येण्याचा शब्द दिला. औषध, खाट, निधी आणि परत येणे, सारे त्या एका कथेत आहे. परंतु कथेच्या शेवटी प्रभूने विचारले ते, किती खर्च झाला असे नव्हे, तर त्याचा शेजारी कोण ठरला, असे.

१९८८ पासून १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो आणि तो आपल्या आगमनकाळाच्या उंबरठ्यावर येतो. गेल्या वर्षी त्या सुमारास आमच्या धर्मग्रामात या कार्यासाठीचे दान आम्ही वेदीवरून प्रथमच त्याच्या खऱ्या नावाने मागितले. रक्कम आदल्या वर्षीपेक्षा थोडी कमी भरली. त्याची खंत आम्हांला नाही. मिस्सानंतर एका कारखानदार गृहस्थांनी बाजूला घेऊन विचारले, की अशा एखाद्याला कामावर ठेवता येईल काय. दानपेटीत न मावणारे ते दान होते.

त्यानंतरच्या शनिवारी भुसार बाजारात आम्ही आपणहून दुकानदाराला सांगितले, "तुम्ही मागे विचारले होते. हा शिधा एचआयव्ही असलेल्या कुटुंबांसाठी आहे." त्याने मान हलविली आणि बिल लिहिणे चालू ठेवले. आमच्या मनात इतके दिवस दडलेले वादळ त्याच्या दुकानात उठलेच नाही. पोती टेम्पोत चढली. शेवटचे पोते ठेवून खाली उतरलेला एक हमाल मात्र घुटमळला. घाम पुसण्याच्या निमित्ताने जवळ आला आणि हळूच म्हणाला, "फादर, ती तपासणी कुठं करत्यात?"

"ससूनला," आम्ही म्हणालो. "पैसे पडत नाहीत. एकट्याने जायचे नसेल, तर मी येतो."