शेवंती, शुक्रवार आणि क्रिस्टल सिटी

सप्टेंबर लागला की टेक्सासमधल्या कितीतरी घरांत जेवणाचं टेबल जेवायला मोकळं राहत नाही. त्यावर ग्लू गन, रेशमी फितींची रिळं आणि घुंगरांच्या पिशव्या पसरलेल्या असतात, आणि आई-मुली मिळून ‘मम’ बनवत असतात. मम म्हणजे शेवंती. आपल्याकडे गणपती-दसऱ्याच्या हारांत दिसणारं हे फूल तिकडच्या हायस्कूलमध्ये मुलींच्या छातीवर मिरवतं, पण ओळखू न येण्याइतकं बदलून. मधोमध भलंमोठं कापडी फूल, खाली गुडघ्यापर्यंत किंवा त्याहूनही लांब लोंबणाऱ्या शाळेच्या रंगांच्या फिती, फितींवर नावं, इवलीशी टेडी अस्वलं, घंटा. शेवटच्या वर्षाच्या मुलींचं मम बहुधा पांढरं-चंदेरी असतं. मुलांच्या दंडावर याचाच लहान अवतार बांधतात. ‘होमकमिंग’च्या, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना परत बोलावणाऱ्या सोहळ्याच्या, शुक्रवारी सगळे हे लेणं लेवून शाळेत येतात, त्यामुळे दिवसभर वर्गांत आणि व्हरांड्यांत किणकिणाट चालतो.

सुरुवातीला हे फूल खरंखुरं होतं. होमकमिंगच्या फुटबॉल सामन्याला सोबत येणाऱ्या मुलीला मुलानं शेवंतीचं एक ताजं फूल द्यायचं, त्याला दोन-चार फिती, एवढाच रिवाज. शरद ऋतूत शेवंती फुलते आणि फुटबॉलचा हंगामही तेव्हाच असतो, म्हणून ही जोडी जमली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ताज्या फुलाची जागा कापडी फुलानं घेतली. कोमेजण्याची भीती गेली आणि आकाराला धरबंध उरला नाही. आज विकतच्या ममला शेकडो डॉलर पडू शकतात. हौसेनं घरी बनवणारेही पुष्कळ आहेत, आणि मुलीची आई व आजी शेजारी बसून फिती वळतात त्या संध्याकाळी या चालीत सर्वांत सुंदर आहेत.

होमकमिंग मूळचं हायस्कूलचं नाही, विद्यापीठांचं. टेक्सासमधल्या वेको इथल्या बेलर विद्यापीठानं १९०९च्या नोव्हेंबरमध्ये माजी विद्यार्थ्यांना पत्रं पाठवून परत बोलावलं. मिरवणूक निघाली, मोठी होळी पेटली आणि टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाला बेलरनं ६-३ असं हरवलं. पुढच्या वर्षी इलिनॉय विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून तसाच सोहळा झाला. १९११मध्ये मिझुरी विद्यापीठाची पाळी आली. कॅन्सस विद्यापीठाशी होणारा त्यांचा वार्षिक सामना कॅन्सस सिटीत भरायचा, पण आता सामने विद्यापीठांच्या आवारातच खेळवायचे असं ठरलं होतं. कोलंबियासारख्या छोट्या गावात प्रेक्षक आणायचे कुठून? क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रुअर यांनी माजी विद्यार्थ्यांनाच सामन्यासाठी घरी या असं आवाहन केलं. नऊ हजारांवर माणसं आली. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. तिकडे कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात हजारभर लोक एकत्र जमून तारेनं येणाऱ्या बातमीवर तोच सामना ‘पाहत’ होते. पहिला मान कुणाचा, यावर ही विद्यापीठं आजही भांडतात. त्या भांडणात फार दम नाही, कारण रेल्वे, फुटबॉल आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांची गरज ही तिन्ही कारणं सगळीकडे एकाच वेळी तयार झाली होती.

हायस्कूलनं ही चाल उचलली, कारण हायस्कूलच तेव्हा नव्यानं उभं राहत होतं. १९१०मध्ये अमेरिकेतल्या दहा तरुणांपैकी जेमतेम एक हायस्कूल पुरं करत असे. १९४०पर्यंत निम्मे करू लागले. गावोगावी नव्या इमारती, बँड, चीअरलीडर, शाळेचं बोधचिन्ह असलेला प्राणी, शाळेचे रंग आले. सामन्याचा वार ठरला शुक्रवार, कारण शनिवार विद्यापीठांचा होता आणि रविवार पुढे व्यावसायिक संघांचा झाला. हा शुक्रवार इतका पक्का झाला की १९६१च्या क्रीडा-प्रक्षेपण कायद्यात १९६६मध्ये झालेल्या दुरुस्तीनं त्याला संरक्षण दिलं. हायस्कूलच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या सामन्याच्या पंचाहत्तर मैलांच्या आत व्यावसायिक फुटबॉलचं प्रक्षेपण केलं, तर व्यावसायिक लीगला त्या कायद्याची सवलत मिळत नाही. डॅलसजवळच्या ॲलन या उपनगरानं २०१२मध्ये आपल्या एकाच हायस्कूलसाठी सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचं मैदान बांधलं. त्याच पट्ट्यातल्या प्लेनो-फ्रिस्कोत आज बरीच मराठी कुटुंबं राहतात, आणि शेवंतीचा हा नवा अवतार त्यांच्याही मुलांच्या ओळखीचा झाला आहे.

विद्यापीठाचा माजी विद्यार्थी दुरून येतो, दोन दिवस राहतो, परत जातो. हायस्कूलचा माजी विद्यार्थी बहुतेकदा गाव सोडूनच गेलेला नसतो. तो बँकेत असतो, दुकानात असतो, शाळामंडळावर असतो. म्हणून हायस्कूलच्या होमकमिंगमध्ये सगळा गाव गॅलरीत बसलेला असतो आणि मैदानावर होमकमिंगची राणी म्हणून कुणाच्या डोक्यावर मुकुट चढतो याला गावाच्या लेखी अर्थ असतो. १९५७मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये लष्कराच्या पहाऱ्यात नऊ कृष्णवर्णीय मुलं शिकायला आली. त्यांना वर्गात बसू दिलं, पण खेळ, गायनवृंद, मंडळं यांत घेतलं नाही. शाळेत असणं आणि शाळेचं असणं यांतला फरक त्या मुलांना रोज सोसावा लागला.

हाच फरक टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटीनं उघड्यावर आणला. मेक्सिकोच्या सीमेपासून फार लांब नसलेलं हे गाव स्वतःला जगाची पालकाची राजधानी म्हणवतं. तिथे पालक खाऊन बलवान होणाऱ्या कार्टूनमधल्या पोपायचा पुतळा १९३७पासून उभा आहे. पालक खुडणारे हात मेक्सिकन-अमेरिकन होते, शेतं आणि सत्ता गोऱ्यांच्या हाती. १९६९पर्यंत हायस्कूलमधली बहुसंख्य मुलं मेक्सिकन-अमेरिकन झाली होती, तरी चीअरलीडर निवडताना शिक्षकांच्या समितीचा अलिखित हिशोब ठरलेला होता: तीन गोऱ्या मुली, एक मेक्सिकन. त्या वसंतात दायाना पालासिओस हिला याच हिशोबानं नाकारलं गेलं. मुलांनी अर्ज दिले, अधीक्षकांनी थोडी तडजोड केली, शाळामंडळानं ती मोडून टाकली. शरदात माजी विद्यार्थी संघटनेनं होमकमिंगच्या राणीसाठी अट घातली की मुलीच्या आईवडिलांपैकी एक जण याच शाळेचा पदवीधर हवा. शेतमजुरीपायी ज्यांच्या आईवडिलांची शाळा अर्धवट सुटली, त्या मुली एका वाक्यात बाद झाल्या. कुणाच्याही वंशाचं नाव न घेता.

९ डिसेंबर १९६९ रोजी मुलं वर्गाबाहेर पडली. पुढे होती सेवेरिता लारा, याच शाळेची विद्यार्थिनी. होसे आंखेल गुतिएरेस हा गावचाच तरुण संघटक मागे उभा होता, आणि त्याला एक व्यावहारिक गोष्ट नेमकी ठाऊक होती: राज्य सरकार शाळेला पैसे देतं ते रोजच्या हजेरीवर. बाहेर पडणारं प्रत्येक मूल मंडळाच्या तिजोरीतून काहीतरी घेऊन जात होतं. बहिष्कार खालच्या वर्गांतही पसरला आणि हजारांवर मुलं घरी राहिली. मागण्या आता मुकुटापुरत्या राहिल्या नव्हत्या. चीअरलीडर आणि राण्या मुलांच्या मतांनी निवडाव्यात, द्विभाषिक शिक्षण द्यावं, मेक्सिकन-अमेरिकन शिक्षक नेमावेत असं त्यांचं म्हणणं होतं. तीन विद्यार्थी वॉशिंग्टनला जाऊन सिनेटर एडवर्ड केनेडींना भेटले. नाताळच्या सुट्टीत बाहेरून आलेल्या शिक्षकांनी मुलांचे वर्ग घेतले. न्यायखात्यानं मध्यस्थी केली आणि जानेवारी १९७०च्या सुरुवातीला मंडळानं बहुतेक मागण्या मान्य केल्या.

त्याच महिन्यात ‘ला रासा उनिदा’ हा मेक्सिकन-अमेरिकनांचा पक्ष स्थापन झाला. एप्रिलच्या निवडणुकीत गुतिएरेस आणि त्याचे सहकारी शाळामंडळावर निवडून आले आणि तो मंडळाचा अध्यक्ष झाला. पुढच्या वर्षांत द्विभाषिक वर्ग सुरू झाले आणि नवे शिक्षक आले. काही गोऱ्या कुटुंबांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. पक्ष टेक्सासच्या राजकारणात काही वर्षं गाजला आणि १९७०चं दशक संपताना विरत गेला. सेवेरिता लारा मात्र गावच्या राजकारणात उतरली आणि पुढे क्रिस्टल सिटीची महापौर झाली.