लकवा : एका शब्दाची आणि एका मज्जातंतूची हकिगत



कोणाचे तोंड एका बाजूला ओढले गेले, डोळा मिटेनासा झाला, की आपण भूम-परांड्याकडे सहज म्हणतो, "लकवा मारला." हात-पाय लुळे पडले तरी शब्द तोच. वास्तविक हा शब्द अरबी वैद्यकातला आहे आणि तेथे त्याचा अर्थ केवळ चेहऱ्याचा पक्षाघात असा आहे. अर्धे अंग लुळे पडण्यास अरबी वैद्य 'फालिज' म्हणत. दोन आजारांची दोन नावे होती. आपल्या बोलीत ती एक झाली. हा भेद जिवाशी निगडित आहे, म्हणून त्याचा इतिहास पाहू.

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या सात जोड्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने मोजल्या. इ. स. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या इब्न सीना यांनी आपल्या 'कानून' ग्रंथात तीच मोजणी ठेवली. तीत चेहऱ्याचा व ऐकण्याचा मज्जातंतू एकाच पाचव्या जोडीत धरले होते. त्यांच्या आधीचे थोर हकीम अल्-राझी यांनी लकव्याची लक्षणे बारकाईने लिहून ठेवली होती. 'कानून' बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो येथे लॅटिनमध्ये उतरला व युरोपात कित्येक शतके शिकवला गेला. पुढे १७७८ साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ सोमरिंग याने बारा जोड्या ठरविल्या. आजच्या पाठ्यपुस्तकांत त्याच आहेत.

त्यांपैकी दोन चेहऱ्याच्या मुख्य सेवक होत. पाचव्या मज्जातंतूच्या तीन शाखा कपाळ, गाल व हनुवटीचा स्पर्श आणि वेदना मेंदूला कळवितात. चावण्याचे स्नायूही तोच हलवितो. सातवा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद नळीतून येऊन कानाखाली बाहेर पडतो आणि पाच शाखांनी चेहऱ्यावर पसरतो. हसणे, भुवया उंचावणे, डोळा मिटणे ही त्याची कामे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवही तोच नेतो.

ही वाटणी ठाऊक नव्हती तेव्हा चेहऱ्यातील असह्य कळा थांबविण्यासाठी शस्त्रवैद्य सातवा मज्जातंतू कापीत. कळा तशाच राहत, चेहरा मात्र लुळा पडे! १८२१ साली चार्ल्स बेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या मज्जातंतूंवरील निबंध मांडला. फ्रान्सच्या माझांदी यांच्या प्रयोगांनीही या ज्ञानात भर घातली. सातव्या मज्जातंतूच्या पक्षाघातास आज बेल यांचेच नाव आहे.

आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकविले जाई. मज्जातंतूला तेथे 'असब' म्हणत. शास्त्र लोकांच्या भाषेत आणता येते, याचा हा दाखला आहे.

आता घरी उपयोगी पडणारी गोष्ट. सातवा मज्जातंतू स्वतः दुखावला तर त्या बाजूच्या कपाळावरही आठी पडत नाही व डोळा नीट मिटत नाही. बिघाड मेंदूत असेल तर बहुधा कपाळ हलते, फक्त तोंड वाकडे होते. सोबत हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. तो मेंदूचा झटका होय. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते. परंतु ही पारख घरी करीत बसू नका. तोंड वाकडे दिसताच १०८ ला फोन करा. बेलचा पक्षाघात ठरला, तरी पहिल्या ७२ तासांत औषध सुरू झाल्यास लाभ होतो, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे होतात. तोवर न मिटणारा डोळा धुळीपासून जपावा.

"वारा लागला" म्हणून मालिश करण्यात वा उतारा टाकण्यात वेळ गेला, तर गेलेले तास परत मिळत नाहीत. लकवा व फालिज यांचा भेद हजार वर्षांपूर्वीच्या हकिमांनी जाणला होता. मुलांनो, तो आपल्या घरी आजच समजावून सांगा.