झोपेतली जाग : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

स्वप्नात आपण विहिरीत पडत असतो, आणि पाण्याला टेकायच्या आत मनात येते, ‘अरे, हे तर स्वप्न आहे.’ बहुतेक जण इथेच दचकून जागे होतात. काही जण होत नाहीत. देखावा चालूच राहतो आणि तो पाहणाराही पूर्ण भानावर असतो. या अनुभवाला अभ्यासक सजग स्वप्न म्हणतात. मागच्या पन्नास वर्षांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ५५ टक्के लोकांना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी येतो, तर सुमारे २३ टक्क्यांना महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा. म्हणजे ही प्रस्तावना वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी विषय परका नसावा. त्यांनी तो कुणाजवळ बोलून दाखवला नसेल, इतकेच.

या क्षेत्राचा खरा प्रश्न मात्र त्यापुढचा आहे. जागेपणीचे भान जर स्वप्नात उतरू शकते, तर ते आणखी खाली, जिथे स्वप्नही नाही अशा गाढ झोपेत उतरू शकेल का? आणि उतरले, तर तिथे त्याला काय आढळेल? परभणीच्या वाचकाला हा प्रश्न परदेशातून आणून द्यायची गरज नाही. मांडूक्य उपनिषदाने अवघ्या बारा मंत्रांत जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि चौथी तुर्या अशी मांडणी केली, आणि मराठीने ती फार लवकर आपलीशी केली. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा मानतात. चार देह आणि चार अवस्था हा त्याचा गाभ्याचा विषय. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास ‘दासबोधा’च्या सतराव्या दशकात ‘तनुचतुष्टय’ या समासात तोच विषय घेतात. जागृतीचे स्थान डोळ्यांत, स्वप्नाचे कंठात, सुषुप्तीचे हृदयात आणि तुर्येचे मस्तकात असे ते सांगतात. शाळेत शिकवावा इतका हा समास आटोपशीर आहे.

आणि मग आपल्या जिल्ह्यातलीच गंगाखेडची जनाबाई. दळणकांडण करणारी, विठ्ठलाला जात्याशी बसवणारी जनी सर्वांना पाठ असते. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत, आणि त्यांतले काही नंतरच्या हातांचे असावेत असे अभ्यासक म्हणतात. पण त्यांतला एक अभंग या क्षेत्रात येणाऱ्याने आवर्जून शोधून वाचावा. त्यात एकावर एक चार शून्ये येतात. पहिले लाल, दुसरे पांढरे, तिसरे सावळे, चौथे निळे. प्रत्येकाला आपले नाव आहे, क्रम ठरलेला आहे. शेवटी कानांत अनाहत घंटेचा नाद येतो आणि जनी विस्मयात पडते. परंपरा या रंगांची सांगड स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण या चार देहांशी घालते, म्हणजेच चार अवस्थांशी. अभंगात स्वप्नाचा उल्लेख नाही, म्हणून तो सजग स्वप्नाचा पुरावा म्हणून पुढे करू नये. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते निरीक्षण. काय दिसले, कशानंतर दिसले, आणि पाहणारीचे काय झाले, या तिन्ही गोष्टी त्यात नोंदलेल्या आहेत. आजचा संशोधक आपल्या प्रयोगातल्या माणसाकडून नेमक्या याच तीन गोष्टी मागतो.

संतांच्या स्वप्नांविषयी एक घोटाळा नेहमी होतो, तो इथेच दूर करायला हवा. ज्ञानेश्वर एकनाथांच्या स्वप्नात आले आणि आपल्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आहे असे त्यांनी सांगितले, ही कथा पैठणपासून आळंदीपर्यंत सगळे जाणतात. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला. खुद्द तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी यांनी मंत्र दिला तोही स्वप्नातच. आपल्याकडे याला दृष्टांत म्हणतात, आणि गंगाखेडच्या बाजारात आजही कुणीतरी ‘देवानं दृष्टांत दिला’ असे सहज बोलून जातो. दृष्टांतात स्वप्न पाहणारा ऐकतो, मानतो आणि जागा झाल्यावर त्याप्रमाणे वागतो. हे स्वप्न आहे, ही जाण त्या वेळी असतेच असे नाही. तुकोबांनी आपल्या स्वप्नातला एक बारीक तपशील सांगून ठेवला आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले, आणि ते द्यायचे तुकोबा स्वप्नात विसरूनच गेले. इतकी प्रांजळ नोंद दुर्मीळ आहे. झोपशास्त्राच्या दृष्टीने ती अनमोलही आहे, कारण सर्वसाधारण स्वप्नाची खूण हीच. आता काय करायचे होते, हेच तिथे आठवत नाही. सजग स्वप्नात ते आठवते. झोपण्याआधी मनाशी ठरवलेले काम स्वप्नात आठवणे, हीच या साऱ्या क्षेत्राची किल्ली आहे. तुकोबांच्या अनुग्रहाचे मोल या विश्लेषणाने तसूभरही कमी होत नाही. त्यांचे स्वप्न वेगळ्या कोटीतले आहे आणि ते त्याच कोटीत वाचले पाहिजे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. वेदान्तात स्वप्न हा मुख्यतः दाखला आहे. गौडपाद आणि शंकराचार्य स्वप्नाकडे बोट दाखवतात ते जागेपणीच्या जगाविषयी काही सिद्ध करण्यासाठी. योगसूत्रांत मात्र पहिल्या पादातल्या अडतिसाव्या सूत्रात पतंजली स्वप्नाचे आणि निद्रेचे ज्ञान हेच चित्ताचे आलंबन होऊ शकते असे म्हणतात. निद्रेला ते पाच वृत्तींपैकी एक वृत्ती मानतात. म्हणजे झोप ही नुसती रिकामी जागा नाही. तिबेटी बौद्धांनी तर स्वप्नाचीच पूर्ण साधना उभी केली. नारोपांच्या नावाने चालत आलेल्या सहा योगांत स्वप्नाचा योग आहे.

पाश्चात्त्य देशांत फ्रान्सच्या एर्वे द सँ-दनी यांनी १८६७ मध्ये आपल्या स्वप्नांवर ग्रंथ लिहिला, आणि डच मनोचिकित्सक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ मध्ये सजग स्वप्नांवर निबंध वाचला. तरी पुढची साठ वर्षे शास्त्रज्ञ नकारार्थी मान हलवत राहिले. झोपेतून अर्धवट जाग आली असेल, असे म्हणून विषय मिटत असे. अडचण उघड होती. स्वप्न संपल्यावर माणूस जे सांगतो त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे मार्ग नव्हता.

तो मार्ग शरीरानेच दाखवला. शिकागोत १९५३ मध्ये युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नथॅनियल क्लाइटमन यांनी रेम झोप, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप, नोंदवली. या झोपेत मेंदूच्या देठाकडून हातापायांच्या स्नायूंना सैल पडण्याचा हुकूम जातो, म्हणून स्वप्नात धावणारा माणूस खाटेवर धावत नाही. डोळ्यांचे स्नायू मात्र या हुकमातून सुटतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी हीच फट पकडली. अ‍ॅलन वर्स्ली नावाच्या माणसाला वरचेवर सजग स्वप्ने पडत. स्वप्नात भान आले, की डोळे डावीकडे-उजवीकडे ठरलेल्या रीतीने फिरवायचे, असे दोघांनी ठरवले. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी यंत्राच्या कागदावर रेम झोपेच्या वेड्यावाकड्या रेघांमध्ये अचानक मोठी, सारख्या अंतराची नागमोड उमटली. शरीर झोपलेले होते, आणि आतून कुणीतरी ठरलेली खूण पाठवत होते. वर्स्लींना तूप आठवले होते, असे तुकोबांच्या भाषेत म्हणता येईल.

स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी हर्न यांच्या कामाची कल्पना नसताना हेच सिद्ध केले आणि १९८१ मध्ये ते छापून आले. एका प्रयोगात त्यांनी स्वप्नात डाव्या-उजव्या मुठी आवळून आपली आद्याक्षरे मोर्सच्या खुणांत पाठवली. मुठी प्रत्यक्षात मिटल्या नाहीत, तरी हातांच्या स्नायूंतली बारीक हालचाल यंत्राने टिपली. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स इथल्या चार प्रयोगशाळांनी मिळून ३६ जणांवर केलेले काम तर याहून पुढचे. झोपलेल्या माणसाला बाहेरून विचारले, आठातून सहा गेले तर किती? त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिले. बहुतेक वेळा उत्तर आलेच नाही, बरोबर उत्तरे एकपंचमांशाहून थोडी कमी आली. पण स्वप्नातल्या माणसाशी बोलता येते, हे त्या थोड्या उत्तरांनीच ठरले.

इथून पुढे वाट दोन दिशांना फुटते. सजग स्वप्नावरची लोकप्रिय पुस्तके पहिली दिशा धरतात. उडा, हवे त्याला भेटा, हवा तो देखावा उभा करा. माझे मत स्पष्ट आहे. सजग स्वप्नाचा हा सर्वांत उथळ उपयोग आहे. जागेपणीची हाव तिथेही नेली, तर खाली उतरायचे राहून जाते. दुसरी दिशा देखाव्याचा लगाम सोडून देण्याची आहे. स्वप्नात भान आल्यावर काहीच न बदलता नुसते पाहत राहिलेल्या काही जणांनी सांगितले आहे, की देखावा विरघळतो आणि मागे अंधार, उजेड किंवा नुसते भान उरते. गाढ झोपेत भान असते का, हा वाद आपल्याकडे जुनाच. सकाळी उठून आपण म्हणतो, ‘मेल्यासारखी झोप लागली, काही कळलं नाही.’ अद्वैती म्हणतात, काही कळले नाही हे तुला आठवते आहे, म्हणजे साक्षी होता. नैयायिक म्हणतात, ही आठवण नाही, उठल्यानंतर केलेले अनुमान आहे. २०१६ मध्ये जेनिफर विंट, टोरे नील्सन आणि इव्हान थॉम्पसन यांनी स्वप्नरहित झोपेतही वेगवेगळ्या प्रकारचे अनुभव असू शकतात असा निबंध लिहिला, आणि हा जुना वाद बोधनविज्ञानाच्या नियतकालिकात पोचला. थॉम्पसन यांचे २०१४ चे ‘वेकिंग, ड्रीमिंग, बीइंग’ उपनिषदे आणि प्रयोगशाळा शेजारी ठेवून लिहिलेले आहे.

पुरावा अजून तुटपुंजा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये स्वामी राम यांनी गाढ झोपेच्या लहरी दाखवत असतानाच आजूबाजूचे बोलणे ऐकून नंतर ते सांगितले, असे तिथले संशोधक एल्मर ग्रीन यांनी नोंदवले. कुतूहल वाढवणारी नोंद, पण एका माणसाची. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विपश्यना साधकांच्या झोपेचे आलेख काढले गेले. असे काम अजून कोवळे आहे. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगक्रिया यंत्रावर मोजायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्राचीन अनुभव आणि मोजमाप यांना एकमेकांचे वैरी न मानण्याची ती परंपरा आपलीच आहे. तिची शिस्तही घ्यावी. जनाबाईचे निळे शून्य म्हणजे अमुक हर्ट्झच्या लहरी, अशी घाईची जुळणी करणारा लेख हाती आला तर तो बाजूला ठेवावा.

अभ्यास म्हणून करून पाहणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. रेम झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. म्हणून चार-पाच तास झोपून उठायचे, थोडा वेळ जागे राहायचे, स्वप्नात भान यावे असा निश्चय करून पुन्हा झोपायचे, ही रीत प्रयोगांत उपयोगी ठरली आहे. पण आपल्या जिल्ह्यात रब्बीत शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला कितीतरी माणसे रात्री दोनला उठून दारे धरतात. ज्यांची झोप आधीच मोडलेली आहे त्यांनी ती आणखी मोडू नये. ज्यांच्यावर मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये. स्वप्ने वाढवणाऱ्या गोळ्यांच्या वाटेला तर कुणीच जाऊ नये. जाग आली पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, असे झाले तर घाबरून भगताकडे धावायचे कारण नाही. रेम झोपेतला स्नायूंचा सैलपणा जागेपणातही काही क्षण रेंगाळल्याचा तो परिणाम आहे आणि तो आपोआप ओसरतो.

सुरुवात वहीने करावी. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. प्लॉटची नोंद जशी रोज, त्याच दिवशी, मनाची भर न घालता लिहायची असते, तशीच स्वप्नाचीही. उठल्या उठल्या, अंथरुणातच. महिनाभर नोंद झाल्यावर दासबोधातला तो समास, जनाबाईचा शून्यांचा अभंग आणि तुकोबांची अनुग्रहाची हकीकत वाचावी. प्रयोगशाळांचे निबंध त्यानंतर. आणि एक विनंती. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, परभणी, कुठेही असा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, ‘आजी, सपन पडताना ते सपन आहे हे तुला कळतं का?’ त्या जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, गाव, वय आणि तारीख घालून, आणि त्यांची परवानगी घेऊन लिहून ठेवा. या अभ्यासाला आज सर्वांत जास्त गरज अशा कागदांची आहे.