पटकीचं विष सापडायला पंचाहत्तर वर्षं का लागली?

मागच्या व्याख्यानात आपण प्लेगबद्दल बोललो. आजचा विषय पटकी, म्हणजे कॉलरा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा शब्द नुसता उच्चारला तरी धडकी भरायची. मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायची पद्धत कशातून आली? सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी तिरडीवर, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यातून. पंढरपूरसारख्या यात्रांकडे एकोणिसाव्या शतकातलं इंग्रज सरकार धास्तीनं पाहायचं, त्यामागेही हाच रोग होता.

आज मला एका साध्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. पटकीचा जंतू माणसाला मारतो तो नेमका कसा? जंतू कोणता हे १८८४ साली कळलं होतं. तो मारतो कसा, हे प्रयोगानं सिद्ध व्हायला १९५९ साल उजाडलं. मधली पंचाहत्तर वर्षं कुठे गेली?

सुरुवात रॉबर्ट कॉखपासून करू. १८८३ साली इजिप्तमध्ये पटकीची साथ आली. जर्मनीनं कॉखचं पथक पाठवलं, फ्रान्सनं पाश्चरच्या शिष्यांचं. फ्रेंच पथकातला तरुण लुई थ्युलिए अलेक्झांड्रियात पटकीनंच गेला. इजिप्तमधली साथ ओसरल्यावर कॉख थेट कलकत्त्याला आला. तिथे रोग्यांच्या आतड्यांत आणि वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यात त्याला तोच स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. फेब्रुवारी १८८४ मध्ये त्यानं बर्लिनला तसं कळवलं. खरं तर इटलीच्या फिलिप्पो पाचिनीनं हाच जंतू १८५४ मध्ये पाहून त्यावर लिहिलंही होतं, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पटकीच्या इतिहासात असं दुर्लक्ष पुन्हा होणार आहे.

कॉखच्या मनात एक अंदाज होता. हा जंतू रक्तात शिरत नाही, आतड्यातच राहतो, तरी माणूस मरतो. म्हणजे तो काहीतरी विष सोडत असला पाहिजे. अंदाज अचूक होता, पण सिद्ध कसा करायचा? रोग जनावराला देऊन दाखवायला हवा, आणि पटकी तर माणसाखेरीज कुणाला होईना. उंदीर, ससे, माकडं, सगळ्यांना जंतू खाऊ घालून पाहिला, उपयोग झाला नाही.

विरोधकांना ही फटच हवी होती. म्युनिकचे माक्स फोन पेटेनकोफर म्हणायचे, नुसत्या जंतूनं काही होत नाही, जमीन आणि हवापाणी महत्त्वाचं. १८९२ च्या ऑक्टोबरात त्यांनी पटकीच्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं! थोडी हगवण लागली, पण ते जगले. बरेच जण हा किस्सा हसण्यासाठी सांगतात. मला तो तसा वाटत नाही. एकाच जंतूनं एकाला मरण येतं आणि दुसऱ्याचं पोट नुसतं बिघडतं, हा प्रश्न त्या म्हाताऱ्यानं टेबलावर ठेवला होता. जंतू असणं वेगळं आणि त्याची मारक शक्ती वेगळी.

आता चूक कुठे झाली ते पाहा. जनावराला तोंडावाटे रोग होत नाही म्हटल्यावर संशोधकांनी सुईचा मार्ग धरला. गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत जंतू टोचले की तो मरायचा. कॉखच्याच शाळेतल्या रिचर्ड फायफरनं दाखवलं, की मेलेले जंतू टोचले तरी तो मरतो. मग ठरलं, की विष जंतूच्या शरीरातच बांधलेलं आहे, जंतू फुटला की ते मोकळं होतं. यालाच अंतर्विष म्हणतात. अंतर्विष ही गोष्ट खरी आहे, शोधही मोठा आहे. पण त्या गिनीपिगला पटकी झालेली नव्हती! भाताच्या पेजेसारखे जुलाब नाहीत, शरीर कोरडं पडणं नाही. तो मेला, पण दुसऱ्याच कारणानं. तरीही संशोधनाचा बराचसा ओघ या वाटेनं अनेक दशकं वाहत राहिला.

यातून आणखी एक समज घट्ट झाला. मृतांच्या शवविच्छेदनात आतड्याचं अस्तर सोललेलं दिसायचं. डॉक्टरांना वाटलं, रोग अस्तरच नष्ट करतो. मग तोंडानं पाणी देऊन काय उपयोग? जिरणार कुठे? म्हणजे प्रयोगशाळेतली चूक थेट रोग्याच्या खाटेपर्यंत पोचली होती.

इथे शंभूनाथ डे येतात. जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यात, बेताच्या परिस्थितीत. कलकत्त्यात डॉक्टर झाले, लंडनला रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी. केली आणि परत आले ते थेट पटकीच्या शहरात. कलकत्त्यात हा रोग दरवर्षी ठरल्यासारखा यायचा. डे विकृतिशास्त्रज्ञ होते, जंतुशास्त्रज्ञ नव्हते. माझ्या मते तेच कामाला आलं. त्यांनी 'जंतूत काय आहे' असं न विचारता 'आतड्याला काय होतं' असं विचारलं.

१९५३ साली त्यांनी सहकाऱ्याबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याच्या एका तुकड्याला दोन्ही बाजूंनी दोऱ्यानं बांधायचं. आतडं कापायचं नाही, नुसतं बांधायचं. त्या बंद तुकड्यात जंतूंचं द्रावण सोडायचं आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर तो तुकडा पाण्यानं टम्म फुगलेला, आणि आत पेजेसारखं पाणी! म्हणजे सशाला पटकी होत नाही हे खरं नव्हतं. तोंडावाटे दिलेला जंतू त्याच्या आतड्यात टिकत नव्हता, इतकंच. यासारखा प्रयोग दोन संशोधकांनी १९१५ मध्ये केला होता, तोही विस्मरणात गेला होता.

पुढची पायरी सरळ आहे, पण घ्यायला सहा वर्षं लागली. जंतू गाळून काढायचे आणि उरलेलं निव्वळ पाणी त्या तुकड्यात सोडायचं. जंतू एकही नाही, तरी आतडं फुगलं! म्हणजे विष जंतूच्या बाहेर येतं. ३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये हा निबंध आला.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. त्याच १९५९ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी या तिघांनी वेगळ्या वाटेनं हेच दाखवलं. दत्तांनी आधीच शोधलं होतं, की मोठ्या सशाला नाही, पण सशाच्या पिल्लांना पटकी देता येते. अशा पिल्लांना त्यांनी जिवंत जंतू नसलेला अर्क दिला, आणि पिल्लांना पटकीसारखेच जुलाब झाले. ज्या हाफकिननी १८९३ पासून भारतात पटकीची लस टोचली, त्यांच्याच नावाच्या संस्थेत हे काम व्हावं, यात एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखं मला वाटतं.

मग यांचा जयजयकार झाला का? नाही. काही वर्षं जवळजवळ शांतताच होती. १९६९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यानं ते विष शुद्ध रूपात वेगळं केलं, आणि मग त्याची रचना, काम, सगळं भराभर उलगडलं. विषाचे दोन भाग. एक भाग आतड्याच्या पेशीला चिकटतो, दुसरा आत शिरून एक कळ दाबून ठेवतो. पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते आणि त्यामागोमाग पाणी वाहतं. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पेशी मरत नाही, तिला फसवलं जातं. सोललेलं अस्तर हा मृत्यूनंतरचा बदल होता, हे जिवंत रोग्यांच्या आतड्याचे नमुने तपासल्यावर १९६० मध्येच दिसलं होतं.

अस्तर शाबूत आहे, म्हणजे ग्लुकोजबरोबर मीठ आणि पाणी शोषून घ्यायचा दरवाजाही उघडा आहे. मीठ-साखर-पाणी हा उपाय याच्यावर उभा आहे. १९६८ मध्ये ढाक्यात तो कसोटीला उतरला. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर लोकांना तो तोंडानं पाजला, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आणि पेटेनकोफरांचा प्रश्न? त्यातल्या एका धाग्याचं उत्तर १९९६ मध्ये मिळालं. वॉल्डर आणि मेकॅलेनस यांनी दाखवलं, की विषाचं जनुक या जंतूचं मूळचं नाहीच. जंतूंना लागणाऱ्या एका विषाणूनं ते आणून घातलं आहे. खाडीच्या पाण्यात राहणारे या जातीतले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. मारक शक्ती त्यांना बाहेरून मिळते.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं. तिथे ते म्हणाले, की मी केव्हाच मेलो होतो, तुम्ही मला उकरून वर काढलंत. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं, पण ते मिळालं नाही. १९८५ मध्ये डे गेले, तोवर देशातला कुठलाही मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नव्हता. त्यांचं आयुष्य आणि काम यांवर 'करंट सायन्स'नं खास अंक काढला तो १९९० मध्ये.

तर पंचाहत्तर वर्षं कुठे गेली? उपकरणं नव्हती असं म्हणता येत नाही. ससा होता, दोरा होता, गाळणी होती. हे सगळं कॉखकडेही होतं. जनावर मरतंय एवढ्यावर लोकांचं समाधान झालं. ते कशानं मरतंय, माणसासारखं मरतंय का, हे विचारायचं राहून गेलं. पुढच्या वेळी कुणी घाईनं मीठ-साखरेचं पाणी ढवळताना दिसलं, तर परळच्या त्या पिल्लांची आणि कलकत्त्याच्या त्या बांधलेल्या आतड्याची आठवण ठेवा. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.